चारही नमुने संत्र्याच्या चवीचे

गेल्या रविवारी दुपारी मी नातीचा खोकल्याचा काढा प्यायलो आणि वर त्याची तारीफ केली.

यात चूक माझी कमी, उन्हाची जास्त. हिवाळ्यातलं नागपूरचं ऊन दुपारी दोनच्या सुमारास खिडकीतून तिरपं आत येतं आणि ज्या वस्तूवर पडेल तिला उगाच मोठेपणा देऊन जातं. खिडकीच्या कट्ट्यावर काचेच्या पेल्यात दोन बोटं काहीतरी होतं आणि ते सोन्यासारखं दिसत होतं. लेक-जावई आदल्या दिवशीच इंदूरहून आलेले. जावयांची बॅग उचलून आत ठेवताना टॉवेलात गुंडाळलेल्या एका बाटलीने आवाज केला होता, तो मी ऐकला होता. मला वाटलं, सासऱ्याची परीक्षा घ्यायला जावयांनी नमुना मांडून ठेवला आहे. जाणकार माणूस अशा वेळी विचारत बसत नाही. मी पेला उचलला, उन्हात धरला, गोल फिरवला, त्यात नाक खुपसलं, एक घोट जिभेवर घोळवला आणि समोर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या जावयांना म्हणालो, "उत्तम आहे. जरा धुरकट आहे. मागून मिरी लागते. आणि अगदी शेवटी, बघा, ज्येष्ठमधासारखं काहीतरी येतं."

जावई सभ्य आहेत. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली नि म्हणाले, "बाबा, त्यात ज्येष्ठमधच आहे. मिरी पण आहे. चिंगीचा काढा आहे तो."

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मी हसलो आणि म्हणालो, "ठाऊक होतं मला. तुमची गंमत केली."

स्वयंपाकघराच्या दारात आमची सौभाग्यवती उभी होती, हातात चिंगीचा चमचा. ती माझ्या तोंडाकडे पाहत नव्हती. माझ्या कानांकडे पाहत होती. 

मी उरलेली मिरी जिभेवर घेऊन मागच्या अंगणात जाऊन बसलो.

नागपूरच्या उन्हाळ्याची एवढी ख्याती आहे की हिवाळ्याला इथे कोणी विचारत नाही. तो बिचारा मागच्या दाराने येतो. दिवाळीनंतर एके दिवशी कुलरला जुनं गोणपाट गुंडाळलं जातं आणि तो खोलीच्या कोपऱ्यात, लग्न उरकल्यावरही न गेलेल्या पाहुण्यासारखा उभा राहतो. ट्रंका उघडतात, स्वेटर निघतात आणि आठवडाभर अख्ख्या शहराला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. कचेरीत साहेब, कारकून आणि चपराशी एका वासाचे होतात. समता येते ती तेवढेच आठ दिवस. मग संत्री येतात. हातगाड्यांवर ढीग लागतात. बोटं पिवळी होतात, ती आंघोळीनेही पांढरी होत नाहीत. घराघरांत सुपं भरभरून साली वाळत पडतात, कोणाकडे उटण्यासाठी, कोणाकडे कशासाठी ते ठाऊक नाही, पण टाकून कोणी देत नाही. आणि सोलता सोलता सालीचा तो बारीक फवारा डोळ्यात उडतो. इतर लोक अशा वेळी डोळा चोळतात. मला दर वर्षी व्हिस्की आठवते.

तो हिवाळा एकाहत्तरची लढाई संपल्यानंतरचा दुसरा. आम्ही तेव्हा अजनी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एका बैठ्या घरात भाड्याने राहत होतो. पुढे फाटक, मागे अंगण, अंगणात नळ आणि एक खाट. मी सरकारी कचेरीत नकाशे काढत होतो. ज्या धरणांचे नकाशे काढले त्यातलं एकही मी पाहिलेलं नव्हतं, पण त्यावर अधिकाराने बोलत असे. हा स्वभावच. हेच व्हिस्कीच्या बाबतीतही झालं.

सुमनचा, म्हणजे माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ वसंता फौजेत सुभेदार. दोन महिन्यांच्या रजेवर वर्ध्याला घरी जाताना तो आमच्याकडे उतरला. बरोबर हिरवी लोखंडी ट्रंक, तिच्या दर्शनी बाजूवर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा आणि नाव, वीतभर अक्षरांत. ट्रंकेत दोन कांबळी आणि कांबळ्यांच्या पोटात फौजी कँटीनमधल्या व्हिस्कीच्या चार बाटल्या. त्या वर्ध्याला नेण्याची सोय नव्हती. कारण वर्ध्याला बाबा होते.

बाबा म्हणजे माझे सासरे. तरुणपणी दारूच्या दुकानांपुढे धरणं धरून बसलेले, त्यापायी छड्या खाल्लेले, तुरुंगात जाऊन आलेले. नंतर खादी, चरखा, आणि उतारवयात निसर्गोपचार. ताप आला की पोटावर माती, डोकं दुखलं की लिंबूपाणी, आणि बाकी सगळ्यावर काढा. ज्या झाडाचा त्यांनी काढा केला नाही असं झाड वर्धा जिल्ह्यात उरलं नव्हतं. आमचं लग्न ठरायच्या वेळी त्यांनी माझी पत्रिका मागितली नाही, पगार विचारला नाही. एकच विचारलं. "दारू?"

"नाही," मी म्हणालो. ते खरं होतं.

"शब्द?"

"शब्द."

त्या एका शब्दावर सुमन आमच्या घरात आली. हुंडा, मानपान, रुसवेफुगवे, सगळं त्यातच उरकलं. तो शब्द मी दहा वर्षं कोरडा ठेवला. मग कचेरीतल्या एका निरोपसमारंभात तो पहिल्यांदा भिजला. घरी आल्यावर मी सांगितलं की लिंबू सरबत होतं. सुमनने कंदिलाजवळ नेऊन माझे कान पाहिले. खोटं बोललो की माझे कान लाल होतात. हे मला त्या दिवशी कळलं, तिला बहुधा लग्नानंतर आठवड्यातच कळलं होतं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मी काही म्हणत नाही. पण बाबाले कधी कळलं ना, तर मी माहेरी कोणतं तोंड घेऊन जाऊ, तेवढं मले आधी सांगून ठेवा."

मी कंदिलाची वात बारीक केली. 

आयुष्यात मी व्हिस्की प्यालो होतो ती तीन वेळा. पण रद्दीत मिळालेल्या एका इंग्रजी मासिकात तिच्यावर एक लांबलचक लेख वाचला होता, आणि जे तीनदा प्यायलं त्यापेक्षा जे एकदा वाचलं त्यावर माणूस जास्त बोलतो. ओकची पिंपं, धुराचा गंध, जिभेच्या शेंड्यावरची चव आणि मुळाशी रेंगाळणारी चव, असलं मी जेवणाच्या सुट्टीत सांगत असे आणि लोक डबे खाता खाता ऐकत असत. वसंतानेही कधीतरी ऐकलं असावं. जाताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊजी, चार आहेत. चारही वेगळ्या. एक तुमची, बाकीच्या मी परत जाताना नेतो. कोणती ठेवायची ते चाखून तुम्हीच ठरवा. तुम्हाले यातलं कळते."

माणसाचा घात शत्रू करत नाहीत. "तुम्हाले यातलं कळते" हे वाक्य करतं.

बहिणीला त्याने सांगितलं, "फौजेचं सामान आहे, हात नको लावू." सुमनने ट्रंक खाटेखाली सरकवली, तिच्यावर जुनी साडी टाकली आणि माझ्याकडे असं पाहिलं की फौजेत काय सामान असतं ते तिला पुरतं ठाऊक असावं.

एका बाटलीवर किल्ल्याचं चित्र होतं. दुसरीवर उडी मारणारं हरीण. तिसरीवर लाल कोटातला एक मिशाळ म्हातारा, हुबेहूब आमच्या हेडक्लार्कसारखा. चौथीवर चित्रच नव्हतं, नुसती सोनेरी अक्षरं. त्यामुळे ती सगळ्यांत भारी असणार हे मी मनातल्या मनात आधीच ठरवून टाकलं. पण ठरवलेलं सिद्ध करावं लागतं. त्यासाठी मी देवतळे सरांना बोलावलं.

देवतळे सर शाळेत विज्ञान शिकवायचे. ते म्हणाले, "असं एकेक दिवस एकेक पिऊन तुलना होत नसते. चारही एकाच वेळी, एकाच मापाने, एकाच आकाराच्या पेल्यांत. रंग पाहायचा तर सूर्यप्रकाश हवा. म्हणजे भरदुपारी. आणि एक त्रयस्थ पंच हवा, जो स्वतः घेत नाही."

असा माणूस शेजारीच होता. गजभिये पोस्टात होते. छप्पन साली त्यांच्या घराने दीक्षा घेतली तेव्हा ते सतरा वर्षांचे. गर्दीत आईच्या बाजूला उभं राहून न पिण्याची प्रतिज्ञा त्यांनीही म्हटली होती आणि ती ते पाळत. मी भीतभीत विचारलं. ते म्हणाले, "बसतो की. मले काय होते? तुम्ही बोला, मी लिहून घेतो. पण काहून गा देशकर, चिवडा राहीन ना?"

मी इतवारीच्या बाजारातून एकसारखे चार काचेचे पेले आणले. सुमनला सांगितलं, पाहुण्यांसाठी. तिने कान पाहिले.

संक्रांतीनंतरचा रविवार धरला. त्या दिवशी सुमन आणि आमची लेक दुपारी हळदीकुंकवाला जाणार होत्या, आळीतली पाच घरं. एका घराला वीस मिनिटं धरली तरी शास्त्राला पुरेसा वेळ होता. त्या फाटकाबाहेर पडल्या आणि आम्ही ट्रंक अंगणात आणली. देवतळे सर ट्रंकेवर बसले, मी आणि गजभिये खाटेवर, मधे स्टूल, स्टुलावर चार पेले, प्रत्येकाखाली क्रमांकाची चिठ्ठी. गजभियेंच्या मांडीवर शंभर पानी वही, कानावर पेन्सिल, हाताशी चिवडा. ऊन असं पडलं होतं की चारही पेले देवापुढे मांडल्यासारखे वाटत होते.

"थांबा," देवतळे सर म्हणाले. "दोन नमुन्यांच्या मधे जीभ कोरी करावी लागते. नाहीतर पहिल्याची चव दुसऱ्यात येते. परदेशात पाव खातात."

पाव घरात नव्हता. पण कोपऱ्यात काटोलहून आलेली संत्र्यांची टोपली होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर शास्त्र उमटलं. "आंबटाने पितळ स्वच्छ होतं," ते म्हणाले. "मग जीभ का नाही होणार?"

यावर आम्हा तिघांपैकी एकालाही शंका आली नाही. नागपूरच्या माणसाला जानेवारीत संत्र्याबद्दल शंका येत नाही.

मी औषधाच्या चमच्याने पहिला नमुना मोजून घेतला. आधी एक संत्रं सोललं, दोन फोडी खाल्ल्या, मग चमचा जिभेवर ठेवला. डोळे मिटले. मासिकातला लेख आठवला. पिंप आठवलं, धूर आठवला. पण जीभ जे सांगत होती ते वेगळंच होतं.

"बोला," गजभिये म्हणाले.

"संत्र्यासारखी चव आहे," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं: नमुना क्रमांक एक, संत्र्याची चव. सरांनीही घेतला. त्यांनाही संत्रंच लागलं. मग आम्ही जीभ पुन्हा कोरी केली, प्रत्येकी एक अख्खं संत्रं खाऊन, आणि दुसरा नमुना घेतला. संत्रं. तिसऱ्याला मी मुद्दाम आधी वास घेतला. पण हातांना, मिशांना, पेल्यांना, सगळ्यालाच तोवर संत्र्याचा वास लागला होता. चौथी ती सोनेरी अक्षरांची. तिच्याकडून माझी फार अपेक्षा होती. तिला संत्र्याची चव सगळ्यांत जास्त आली.

गजभिये चिवडा चावायचे थांबले. "काहून गा, तुम्ही व्हिस्की पिऊन राहिले का रस पिऊन राहिले?"

देवतळे सरांनी चारही पेले पुन्हा उन्हात धरून पाहिले. मग म्हणाले, "याचा अर्थ एवढाच निघतो की व्हिस्की मुळात संत्र्यापासून होत असावी."

"मग काटोलवाल्यांले कोणी सांगितलं काहून नाही?" गजभियेंनी विचारलं आणि तेही वहीत लिहून घेतलं.

चमचा लहान पडतो असं ठरलं. फेरतपासणीसाठी चारही पेल्यांत दोन-दोन बोटं ओतली. मी संत्रं सोलायला घेतलं, फवारा डोळ्यात गेला आणि त्याच क्षणी फाटक वाजलं.

मिटल्या डोळ्यानेही मला ते कळलं. ते फाटक उघडताना प्रत्येक माणसाला वेगळा आवाज देत असे. हा आवाज वर्षातून दोनदा यायचा.

"बाबा," मी म्हणालो.

पुढचं अर्ध्या मिनिटात झालं. सरांनी बाटल्या ट्रंकेत टाकल्या, झाकण लावलं आणि वर बसले. गजभियेंनी वही छातीशी धरली. पेले मात्र स्टुलावर राहिले, कारण ते उचलायचे तर कुठे ओतायचे हे ठरेना. तोवर बाबा घराला वळसा घालून अंगणात आलेसुद्धा. खादीचं धोतर, खांद्यावर झोळी, काखेत छत्री. पॅसेंजरने अजनीला उतरून चालत आलेले. लेकीसाठी संक्रांतीचे तीळ आणि गूळ घेऊन. आधी नळावर पाय धुतले, चूळ भरली, पंचा ओला करून तोंड पुसलं, तो पिळला. मग खाटेवर येऊन बसले, दोनदा खोकले आणि चार पेल्यांकडे पाहून म्हणाले, "हे काय होय, जावईबापू?"

"काढे," मी म्हणालो.

माझ्याच कानांना झळ लागली. पण बाबांचा चेहरा उजळला. जावई आपल्या वाटेवर आला याचा जो आनंद सासऱ्याला होतो तो मी उभ्या आयुष्यात तेवढा एकदाच पाहिला, आणि तो असा. ते म्हणाले, "चार?"

"तुलना करून राहिलो होतो," मी म्हणालो. घाबरलो की मी आपोआप नागपुरी बोलतो.

बाबांनी हात पुढे केला. गजभियेंना खोटं बोलायचं नव्हतं आणि मला बुडवायचंही नव्हतं, त्यांनी वही दिली आणि म्हणाले, "बाबाजी, मी फक्त आयकलं तेवढं लिहिलं."

बाबांनी झोळीतून चष्मा काढला. वाचलं. "नमुना एक, संत्र्याची चव. नमुना दोन, संत्र्याची चव. तीन, तेच. चार, तेच, जास्त." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सालीचा होय का? मी वर्ध्याले सालीचा करून पाहिला. कडू होते. तुमच्यात कडू कुठंच लिहिलं नाही. पंधरा दिवस झाले, हा खोकला काही जाऊन नाही राहिला." आणि त्यांनी पहिला पेला उचलला.

त्याच वेळी घराच्या कोपऱ्यावरून सुमन धावत आली. तिसऱ्या घरच्या ओसरीवरून तिने बाबांना जाताना पाहिलं होतं. कपाळावर ओलं कुंकू, एका हातात वाणाची वाटी, दुसऱ्या हातात तिळगूळ. तिने पेले पाहिले, बाबांच्या हातातला पेला पाहिला, ट्रंकेवर बसलेले सर पाहिले. त्या चेहऱ्यावर मला सगळं दिसलं: तिचं माहेर, तिथे घेऊन जायचं तोंड, आणि ज्या माणसाने छड्या खाऊन जे चाळीस वर्षं ओठांना लावलं नाही, ते आता तिच्याच घरात, तिच्याच नवऱ्याच्या हातून लागणार हे.

खरं बोलायची वेळ ती होती. मी पेला हिसकावला. "हा नासला आहे," म्हणालो आणि स्वतःच पिऊन टाकला. नासलेली वस्तू माणूस स्वतः का पितो, हा प्रश्न मला त्या वेळी सुचला नाही.

किल्ला घशातून खाली उतरला तो तोफांसकट.

बाबांनी शांतपणे दुसरा उचलला. "हा कच्चा आहे," मी म्हणालो आणि तोही घेतला. हरणाने पोटात जाऊन उडी मारली. तिसरा त्यांनी उचलायच्या आधीच मी उचलला. लाल कोटातला म्हातारा माझ्या नाकातून बाहेर यायला पाहत होता, मी त्याला आत दाबला. डोळ्यांतून पाणी येत होतं. अंगण जरा तिरपं झालं होतं.

"जावईबापू," बाबा म्हणाले, "तुमचा खोकला माझ्याहून मोठा दिसते. पण हा एक तरी राहू द्या." चौथा पेला त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

आता हिसकावता येत नव्हता. मी म्हणालो, "बाबा, पिऊ नका. दारू आहे ती. आणि माझी आहे. हिला काही ठाऊक नाही."

 गजभियेंच्या हातातला चिवडा हातातच राहिला. बाबांनी पेला खाली ठेवला नाही. नाकाजवळ नेला, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. जावई काढ्याचा घेतो तसा नाही. जाणकाराचा.

"फाटकातच आला होता वास," ते म्हणाले. "म्हटलं, जावई काढा म्हणते तर काढा असंन. म्हातारपणी नाकावर भरवसा तरी किती ठेवायचा?"

मग त्यांनी जे सांगितलं ते सुमनलाही ठाऊक नव्हतं. धरण्याच्या दिवसांत एका दुकानदाराने हार मानून दुकान बंद केलं. आतला माल नाल्यात ओतायचं काम बाबांवर आलं. सहा दिवस ते ओतत होते. मोहाची, गुळाची, साहेबांच्या क्लबात जाणारी विलायती, सगळी. "पिणाऱ्याले दोन घोटांनंतर एकच वास येते," ते म्हणाले. "ओतणाऱ्याले शेवटपर्यंत सगळे येतात."

त्यांनी हाताने खूण केली. देवतळे सर उठले, ट्रंक उघडली, बाटल्या स्टुलावर ठेवल्या आणि ट्रंकेपुढेच उभे राहिले. बाबांनी एकेक नाकाखाली धरली. किल्ला: "यात गूळ जाळून टाकला आहे, रंगासाठी." हरीण: "पोरगी आहे. दोन-चार वर्षं पिंपात राहिली असती तर शहाणी झाली असती." सोनेरी अक्षरं: "ही मोहाचीच बहीण. जरीचं लुगडं नेसून आली एवढंच." शेवटी मिशाळ म्हातारा. त्याच्यापाशी बाबा जरा थांबले. "ही बरी आहे. ही ओततानी वाईट वाटलं असतं."

देवतळे सरांनी गजभियेंकडून वही केव्हा घेतली आणि केव्हा लिहायला लागले ते मला कळलं नाही. त्या दिवशीच्या नोंदींपैकी शास्त्राच्या कामाच्या तेवढ्याच चार. लिहून झाल्यावर सर घरी गेले. जाताना ट्रंकेचं झाकण लावून गेले आणि मग सगळ्यांना एकदमच दिसलं, की त्यांचे पाय इतका वेळ ज्याच्यापुढे होते ते वसंताचं नाव होतं. नंबर, हुद्दा, नाव, वीतभर पांढऱ्या अक्षरांत, भर उन्हात.

सुमनचा श्वास मला ऐकू आला.

बाबांनी ते वाचलं की नाही, मी सांगू शकत नाही. ते उठले, नळापाशी ठेवलेला ओला पंचा घेतला, झटकला आणि ट्रंकेच्या दर्शनी बाजूवरून, नावावरून, नीट पसरून वाळत घातला. चारही टोकं सरळ केली.

"बाबा, या बाटल्यांचं काय करू?" मी विचारलं.

"ओतायचं काम मी चाळीस वर्षांआधी सोडलं," ते म्हणाले. "ज्याची वस्तू आहे त्याले द्यावी." मग खाली बसले आणि म्हणाले, "सुमे, एक संत्रं सोल वं. कडू तोंड झालं."

नंतरचं मला तुटक आठवतं. मी खाटेवर आडवा झालो होतो आणि आभाळ फार निळं होतं. गजभिये माझ्या तोंडावर छत्री धरून बसले होते, वहीने वारा घालत. संध्याकाळच्या पॅसेंजरला सुमन बाबांना अजनीपर्यंत सोडून आली. परत आल्यावर तिने आमच्या शास्त्राची फोलपटं, म्हणजे एकवीस संत्र्यांच्या साली, गोळा करून सुपात पसरल्या. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "मीठ कमी झालं का?" मीठ होतंच कमी. मी नाही म्हणालो. तिने कान पाहिले आणि मीठ वाढलं.

पंचा आमच्याकडेच राहिला होता. रजा संपवून वसंता ट्रंक न्यायला आला तेव्हा तो तिच्यावरच होता. सुमनने कोणाला उचलू दिला नव्हता. वसंताने तो ओळखला. ट्रंकेपुढे उकिडवा बसला. मग पंच्याची घडी करून वरच्या कांबळ्यात ठेवली. चारही बाटल्या घेऊन गेला. कोणती ठेवली हे त्याने विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. पुन्हा आमच्याकडे त्याने फौजेचं सामान ठेवलं नाही.

बाबा त्या गोष्टीवर पुन्हा कधी बोलले नाहीत. पण पुढच्या हिवाळ्यात पोस्टाने एक पुडकं आलं. गजभियेंनीच आणून दिलं, हसू दाबत. आत तपकिरी पूड आणि वर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी: जावईबापूंच्या खोकल्यासाठी. त्यानंतर दर हिवाळ्यात एक पुडकं येत राहिलं, बाबा होते तोपर्यंत. अडुळसा, मिरी, ज्येष्ठमध, आणि चुलीच्या धुरावर वाळवलेली संत्र्याची साल. तिचा कडूपणा त्यांनी शेवटी कसा घालवला ते त्यांनी फक्त सुमनला सांगितलं. आता ती पूड सुमन करते.

म्हणजे गेल्या रविवारी मी प्यालो तो बाबांचाच काढा. धूर ओळखला, मिरी ओळखली, ज्येष्ठमधही ओळखला. संत्रं तेवढं ओळखलं नाही.

एवढं सगळं अंगणात बसून आठवत असताना लेक-जावई चिंगीला घेऊन बर्डीवर बाजाराला गेले. सुमन सालींचं सूप घेऊन बाहेर आली, ते उन्हात ठेवलं आणि माझ्या शेजारी खाटेवर टेकली.

"जावयाले कळलं," ती म्हणाली. "गंमत केली म्हणालात ते."

"कशावरून?"

"कानावरून. मी त्याले लग्नातच सांगून ठेवलं."

 ती एकेक साल उलटी करत होती, आतली पांढरी बाजू उन्हाकडे. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बाबा त्या दिवशी अजनीच्या फलाटावर काय म्हणाले, ठाऊक आहे?"

मला वाटलं, तेरा-चौदा वर्षांनी का होईना, शिक्षा आता सुनावली जाणार. मी सरळ बसलो.

"मी रडून राहिली होती. म्हटलं, बाबा, यांनी शब्द मोडला. तर म्हणाले, सुमे, एका दुपारी तो दोघांसाठी खोटं बोलला. एकदा स्वतःसाठी, एकदा वसंतासाठी. दोन्ही वेळा धड जमलं नाही त्याले. ज्याले खोटं बोलता येत नाही त्याच्या घरी पोरगी दिली, आता मले काही घोर नाही."

सालींवरून एक मुंगी चालली होती. ती मी बोटाने बाजूला केली. मग मी म्हणालो, "आणि हे तू मला इतकी वर्षं काहून नाही सांगितलं वं?"

ती उठली, सूप हलवून सगळ्या साली सारख्या केल्या आणि आत जाता जाता म्हणाली, "सांगितलं असतं, तर शिकून घेतलं असतं तुम्ही."